घर उचगावात, शाळा कुठे?

कोल्हापूर शहरालगतच्या उचगावात गुंठा-दोन गुंठे घेऊन घर बांधू पाहणाऱ्या कुटुंबांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. प्लॉट एनए आहे का, पाणी किती दिवसांआड येते, हायवे किती लांब, शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पोहोचायला किती वेळ लागतो. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक किती, हे विचारणारा क्वचितच भेटतो. शाळा शहरात मिळेल, बस दारात येईल, असे धरूनच इसार दिला जातो. मला हे धरून चालणे चुकीचे वाटते. त्याची किंमत त्या कुटुंबाला मोजावी लागते, आणि गावालाही.

अमेरिकेत याच्या नेमके उलटे घडते. तिथे सरकारी शाळेतला प्रवेश बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावरून ठरतो. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टनच्या उपनगरांत शाळांच्या हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरे ताडून पाहिली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, परीक्षेचे गुण पाच टक्क्यांनी सरस असलेल्या शाळेसाठी पालक घराला सुमारे अडीच टक्के जास्त मोजत होते. म्हणजे चांगली सरकारी शाळाही ऐपतवाल्यांच्या वस्तीची मिळकत होऊन बसते. आपल्याकडे ही हद्द नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत कुठल्याही गल्लीतले मूल बसू शकते. ही फार मोठी मोकळीक आहे, पण तिचा उपयोग आपण शाळेकडे जाण्यासाठी करत नाही, तिच्यापासून दूर जाण्यासाठी करतो.

शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा मिळायला हवी. अंतराची ही अट उचगावसारख्या शहरालगतच्या गावात फारशी अवघड नाही. खरी गोम संचमान्यतेत आहे. शाळेला शिक्षक किती मिळणार हे पटावर ठरते. प्राथमिक वर्गांसाठी साधारण तीस मुलांमागे एक. दहा नवी घरे गावात आली आणि त्यांतली सगळी मुले बसने शहरात गेली, तर गाव वाढते पण पट वाढत नाही. पट घसरला की पद जाते. पद गेले की दोन इयत्ता एका शिक्षकाच्या गळ्यात पडतात, आणि मग पुढचे कुटुंब येऊन म्हणते, ‘या शाळेत कसे घालायचे?’ त्या क्षणी त्यांचे म्हणणे खरेच असते. ते खरे ठरायला आधीच्या घरांचे निर्णयही कारण झालेले असतात.

हे चक्र उलटे फिरू शकते, याचा पुरावा उचगावपासून लांब नाही. कोल्हापूर शहरातल्या जरगनगरात महापालिकेची मराठी शाळा आहे, लक्ष्मीबाई जरग विद्यामंदिर. शिष्यवृत्ती परीक्षेतल्या यशासाठी ती जिल्हाभर ओळखली जाते आणि गुढीपाडव्याच्या प्रवेशासाठी तिथे पालकांनी आदल्या रात्रीपासून रांगा लावल्या आहेत. महापालिकेच्या, फी नसलेल्या शाळेसाठी! ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, तिथे अशी रांग लागावी याचा मला अभिमान वाटतो. पण सगळ्या तालुक्याने जरगनगरात रांग लावणे हे उत्तर नव्हे. तशी शाळा उचगावात का नसावी, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न गावाच्या चर्चेत येत नाही; चर्चा होते ती हद्दवाढीची. १९७२ साली कोल्हापूरची महापालिका झाली तेव्हापासून हद्दवाढीचा वाद चालू आहे. प्रस्तावित गावांत उचगावचे नाव वर्षानुवर्षे येते आणि गाव विरोध करते. सभांत घरफाळा निघतो, पाणी निघते, शेतजमिनीवरची आरक्षणे निघतात. गाव महापालिकेत गेले तर जिल्हा परिषदेच्या शाळेचे काय होणार, न गेले तर ती कोण सुधारणार, यावर दोन्ही बाजू गप्प. शाळेचा विषय ज्या हद्दवाढीत निघत नाही, ती हद्दवाढ माझ्या मते अर्धीच चर्चिली जाते आहे.

शहरातल्या शाळांकडे नेणारी इंग्रजीची ओढ खोटी नाही. आपल्या मुलाची वर्षे समाजसुधारणेसाठी पणाला लावा, असे मी कुठल्याही आईबापाला सांगणार नाही. पण न पाहताच शाळा नाकारणे वेगळे. मंजूर पदे किती, भरलेली किती, सेमी इंग्रजीचे वर्ग आहेत का, तिसरीतले मूल अडखळता वाचते की सरळ, मुलींचे स्वच्छतागृह वापरात आहे का, एवढे एका सकाळीत कळते. घरापासून शाळेपर्यंतचा रस्ताही मुलाच्या पायाने चालून पाहावा. हुपरी रस्त्यावरची वाहने पाहता तो ओलांडावा लागणार की नाही, याला घराच्या दिशेपेक्षा जास्त महत्त्व आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने किमान पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. रिक्त पदासाठी पाठपुरावा करण्याचा, शाळेचा विकास आराखडा मांडण्याचा हक्क त्या समितीला आहे, आणि ज्यांची मुले त्या शाळेत आहेत त्यांनाच तिच्यात पालक म्हणून बसता येते. उचगावात घर घेणाऱ्यांनी इसार देण्याआधी एकदा त्या शाळेत जाऊन यावे, आणि जे आधीच राहायला आले आहेत त्यांनी पुढच्या ग्रामसभेत शिक्षकांच्या पदांचा प्रश्न विचारावा.