न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

१९५६ साली मद्रासमध्ये एक साधा वाटणारा, पण त्या काळी धाडसी असलेला प्रश्न विचारला गेला: क्षयरोग्याला बरे होण्यासाठी सॅनेटोरियमची खाट लागते का? तोवर हा प्रश्न फारसा कुणी विचारला नव्हता. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंड्यांचा खुराक आणि घरापासून दुरावा म्हणजेच क्षयावरचा उपचार, ही समजूत युरोपात जवळजवळ शतकभर मुरली होती. आपल्याकडे मिरज-पाचगणीपर्यंतची आरोग्यधामे तिच्याच आधारावर उभी राहिली. मात्र देशात रुग्ण लाखांनी होते आणि खाटा काही हजार. खाट हाच उपचार असेल, तर बाकीच्यांनी फक्त मरणाची वाट पाहायची, असाच त्याचा अर्थ होत होता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र काढले. वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश डॉक्टर त्याचे प्रमुख संशोधक होते. शहरातल्या दाट, गरीब वस्त्यांतून रुग्ण निवडले गेले. घरी कोण राहणार आणि सॅनेटोरियममध्ये कोण जाणार, हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडले नव्हते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते ठरले. औषधे दोन्हीकडे तीच होती, आयसोनियाझिड आणि ‘पास’, वर्षभर. घरच्या रुग्णांकडे कर्मचारी न सांगता जात, उरलेल्या गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध खरोखर पोटात गेले की नाही ते पाहत. पुढे ‘डॉट्स’मध्ये रुग्णाने आरोग्यसेवकासमोर गोळी गिळायची जी पद्धत आली, तिचे मूळ मद्रासच्या या अनुभवात आहे.

वर्षाअखेर सॅनेटोरियममधल्या ९२ टक्के आणि घरच्या ८६ टक्के रुग्णांचा आजार जंतूंच्या निकषावर शमला होता. घरच्या रुग्णांना विश्रांती कमी मिळाली होती, त्यांचे जेवण निकृष्ट होते, खोल्या कोंदट होत्या. तरीही फरक एवढाच. पुढची पाच वर्षे दोन्ही गटांतल्या घरच्या माणसांवर लक्ष ठेवले गेले. रुग्ण घरात राहिला म्हणून घरच्यांना क्षय जास्त झाला, असेही दिसले नाही. १९५९ साली मुख्य निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि सॅनेटोरियमच्या युगाचा आधारच निघाला. संसार मोडून, नोकरी गमावून, मुलाबाळांपासून तोडून माणसाला वर्षभर डोंगरावर ठेवण्याची गरज उरली नाही. गरीब देशांत झालेल्या वैद्यकीय संशोधनांत इतक्या सामान्य माणसांच्या उपयोगी पडलेले दुसरे काम क्वचितच सापडेल. पुढे जे म्हणायचे आहे, ते या कामाबद्दलचा आदर तसूभरही कमी न करता म्हणायचे आहे.

१९६१ साली याच अभ्यासातून रुग्णांच्या आहारावर एक निबंध निघाला. सॅनेटोरियममध्ये चांगले खाणाऱ्यांचे वजन अधिक वाढले, पण जंतू नाहीसे होण्याच्या बाबतीत आहाराने फारसा फरक पडला नाही, असे त्यात दाखवले होते. विधान नेमके आणि पुराव्याला धरून होते. कार्यक्रम आखणाऱ्यांच्या कानी मात्र ते वेगळ्या रूपात गेले: क्षयाच्या उपचारात अन्नाचा संबंध नाही. काटकसरीच्या त्या काळात हे सोयीचेही होते. गोळी स्वस्त आणि मोजता येण्यासारखी, उलट भूक म्हणजे जमीन, मजुरी, रेशन असे सगळे लचांड. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या कित्येक दशकांत अन्न हा विषय त्याच्या कडेलाच राहिला.

मद्रासच्या अभ्यासात घरच्या माणसांची नोंद होती, हे खरे. पण त्यांच्याबद्दल विचारलेला प्रश्न संसर्गाचा होता. रुग्ण घरी असणे धोक्याचे आहे का, एवढेच तपासायचे होते. रुग्ण कुठल्याही गटात असो, त्याची बायको-मुले त्याच गरिबीत, तेच अपुरे जेवण जेवत होती. दोन्ही बाजू सारख्याच उपाशी असतील, तर उपासमारीचा परिणाम तुलनेत दिसणार कसा? अभ्यास त्याविषयी गप्प होता आणि ते गप्प राहणेच आपण निष्कर्ष म्हणून वाचले.

अशा संशोधनाचे उत्तर त्याच्या प्रश्नाच्या हद्दीपर्यंतच खरे असते, ही गोष्ट छातीच्या रोगांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते. १९४८ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेली स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी आधुनिक पद्धतीचा पाया मानली जाते. ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने तिचा आराखडा केला होता. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले आणि केवळ विश्रांतीवर असलेल्या ५२ पैकी १४. निकाल लख्ख होता. पाच वर्षांनी मोजणी झाली तेव्हा पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्या गटातले ३५ गेलेले होते. एकट्या औषधाला जंतू सरावले होते. सहा महिन्यांचे उत्तर खोटे नव्हते, फक्त ते सहा महिन्यांचेच होते. तिथल्या संशोधकांचे मोठेपण असे की त्यांनी मोजणे थांबवले नाही. दोन औषधे एकत्र देण्याची रीत त्यातूनच आली.

कुणाला विचारले यावरही बरेच अवलंबून असते. देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तत्कालीन म्हैसूर राज्यातील क्षयरोग्यांनाच विचारले, की खोकला सुरू झाल्यावर तुम्ही काय केले? लोक अडाणी आहेत, दवाखान्यात येत नाहीत, असा सर्वांचा समज होता. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक रुग्ण आधीच दवाखान्यात जाऊन आले होते, आणि तिथून खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. मुंबईत मुकुंद उपलेकर यांनी धारावीतल्या खासगी डॉक्टरांना विचारले, क्षयाला काय लिहून देता? शंभरेक डॉक्टरांकडून ८० वेगवेगळ्या औषधयोजना मिळाल्या. ते वर्ष १९९१. झरीर उदवाडिया यांनी जवळपास वीस वर्षांनी तोच प्रश्न तिथेच विचारला. १०६ डॉक्टरांपैकी फक्त ६ जणांना बरोबर औषधयोजना लिहिता आली. ‘रुग्ण औषधे अर्धवट सोडतात’ हे आपण सवयीने म्हणतो. धारावीतले हे दोन अभ्यास वाचल्यावर ते वाक्य माझ्या तरी तोंडून सहज निघत नाही.

अन्नाचा प्रश्न नीट विचारला जायला २०१९ साल उजाडले. छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या दवाखान्यात क्षयरोग्यांची वजने आधी नोंदवली गेली होती. पुरुषांचे मध्यम वजन ४२ किलोच्या आसपास, बायकांचे त्याहून बरेच कमी. तिथल्या कामात सहभागी असलेले डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी मग झारखंडच्या चार जिल्ह्यांत ‘रॅशन्स’ ही चाचणी उभी केली. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरची दहा हजारांहून अधिक माणसे तिच्यात होती. रुग्णांना दरमहा तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळत. घरच्या माणसांपैकी एका गटाला दरडोई पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वे मिळाली, दुसऱ्या गटाला जीवनसत्त्वे नाहीत की शिधा नाही, नेहमीची तपासणी तेवढी झाली. यात काही परदेशी यंत्र नव्हते, पेटंटचे औषध नव्हते. होता तो किराणा, आणि तो महिन्याच्या महिन्याला पोचवणारी माणसे, तीही कोविडच्या टाळेबंदीतून वाट काढत.

२०२३ मध्ये निकाल आले. शिधा मिळालेल्या घरांत नवे क्षयरोगी ३९ टक्क्यांनी कमी आढळले, आणि फुफ्फुसांचा, म्हणजे दुसऱ्यांना लागण करणारा क्षय ४८ टक्क्यांनी. साधारण तीस घरांना शिधा दिला की एक माणूस क्षयापासून वाचतो, असा हिशोब निघाला. क्षयावर आजवर मोठ्या माणसांत भरवशाची ठरलेली लस नाही. त्या पार्श्वभूमीवर डाळ-तांदळाने साधलेला हा परिणाम पाहिला, तर याची बातमी पहिल्या पानावर आठवडाभर का राहिली नाही, हे मला समजत नाही.

रुग्णांच्या बाबतीतले निष्कर्ष मात्र जपून वाचायला हवेत. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. वजन वाढले म्हणून ते वाचले, की मुळात कमी आजारी होते म्हणून वजन वाढले, हे यातून पुरते सुटत नाही. सुटण्यासाठी रुग्णांचा एक गट उपाशी ठेवावा लागला असता, आणि संशोधकांनी ते नाकारले. दोन्ही गटांतल्या सगळ्या रुग्णांना अन्न दिले. एक उत्तर अपुरे राहिले तरी चालेल, भुकेल्या रोग्याला तुलनेसाठी तसाच ठेवणार नाही, ही भूमिका मला पूर्णपणे पटते.

‘रॅशन्स’चाही उद्या विपर्यास होऊ शकतो. झारखंडच्या अर्धपोटी घरांतले आकडे मुंबईच्या मधुमेही, वजनदार क्षयरोग्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. मुंबईत औषधांना न जुमानणारा क्षय घेऊन येणाऱ्या मुलीला डाळ-तांदूळ हवाच, पण तिला वाचवणार आहे ती बेडाक्विलिनसारखी नवी औषधे. तिथेही प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘निक्स-टीबी’ चाचणीत तीन औषधांनी सहा महिन्यांत ९० टक्के रुग्ण बरे झाले, पण त्यांतल्या लिनेझोलिडच्या जबर मात्रेने बहुतेकांच्या हातापायांच्या नसांना इजा झाली. कमी मात्रेने चालेल का, हे पुढच्या चाचणीने तपासले आणि चालते असे दिसले. पहिल्या यशावर थांबले असते, तर बधिर पाय ही बरे होण्याची किंमत म्हणून आपण मान्य केली असती.

तामिळनाडूने २०२२ पासून नव्या रुग्णाची पहिल्याच भेटीत तीन गोष्टींसाठी तपासणी सुरू केली: वजन धोक्याइतके कमी आहे का, श्वासाला त्रास आहे का, आधाराशिवाय उभे राहता येते का. जे या चाळणीत अडकतात त्यांना लगेच दाखल करून घेतात. सगळ्यांना खाट लागत नाही हे मद्रासने सिद्ध केले होते. काही जणांना ती लागतेच आणि त्यांना वजनकाट्याने ओळखता येते, ही पुढची पायरी आहे. महाराष्ट्राच्या प्रत्येक क्षयरोग केंद्रात हे उद्यापासून करता येईल.

घरच्या माणसांचे काय, हा भाग अधिक अवघड आहे. केंद्र सरकारची निक्षय पोषण योजना २०१८ पासून रुग्णाला पैसे देते, आधी महिना ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १,०००. ते रुग्णाच्या खात्यावर जमा होतात. शेजारी झोपणाऱ्या मुलांचा त्यात हिस्सा नाही. कुटुंबीयांनाही शिधा देण्याचे २०२४ मध्ये ठरले, पण ‘निक्षय मित्र’ म्हणवणाऱ्या दात्यांच्या मार्फत. दात्यांच्या भावनेविषयी शंका नाही. पण देशातल्या संशोधकांनी देशातल्याच घरांत सिद्ध केलेला प्रतिबंधक उपाय देणगीवर का अवलंबून असावा? लस निघाली असती, तर ती देणगीदार मिळेल त्या गावात दिली नसती. रेशन दुकान नंदुरबारला आहे, मेळघाटात आहे, गोवंडीतही आहे. क्षयरोग्याचे नाव निक्षय पोर्टलवर नोंदवले जातेच. त्या नोंदीवरून त्याच घराच्या शिधापत्रिकेवर सहा महिने जादा तांदूळ-डाळ चढवणे हे आरोग्य आणि अन्नपुरवठा या दोन खात्यांनी एकत्र बसून ठरवण्याचे काम आहे. ते सुरू झाल्यावर दर तिमाहीला घरच्या माणसांची वजने आणि नवे रुग्ण मोजावेत, म्हणजे झारखंडचे आकडे आपल्याकडे कुठे लागू होतात आणि कुठे नाहीत, तेही कळेल.