चरबीचा डबा

रविवारच्या मटणाचा उरलेला रस्सा सोमवारी फ्रिजमधून काढला की त्यावर चरबीचा घट्ट थर जमलेला दिसतो. बहुतेक घरांत तो खरवडला जातो, वर कढत पाणी ओतलं जातं आणि सगळं मोरीत सोडून दिलं जातं. भांडं लख्ख होतं, हे खरं. पण बोकडाची चरबी पंचेचाळीस अंशांच्या आसपास येताच पुन्हा घट्ट होऊ लागते. जेवताना रस्सा जरा निवला की ओठ ओशट होतात ते त्यामुळेच. कढत पाण्याबरोबर ती आपल्या नजरेआड होते, एवढंच. पुढे गार पाइपात जाऊन चिकटते.

लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात 2017 साली अशाच चिकटलेल्या चरबीचा एक गोळा सापडला होता. लांबी सुमारे 250 मीटर, वजन सुमारे 130 टन. घराघरांतून आणि हॉटेलांतून ओतलेलं तेल, चरबी आणि त्यात गुंतलेले ओले वाइप्स यांचा हा ऐवज फोडून काढायला कामगारांना कित्येक आठवडे लागले. पुढच्या वर्षी त्याचा एक तुकडा तिथल्या संग्रहालयात काचेआड मांडला गेला. त्याच देशात एके काळी भाजलेल्या मांसाची गळलेली चरबी वाडग्यात जमवून पावाला लावून खायची रीत होती.

अमेरिकेत 1942 साली सरकारने गृहिणींना आवाहन केलं, तव्यावरची चरबी टाकू नका, डब्यात साठवा आणि खाटकाकडे आणून द्या. चरबीतून ग्लिसरीन निघतं आणि ग्लिसरीनपासून स्फोटकं बनतात. डिस्नेने त्यासाठी मिकी माउसच्या प्लूटो कुत्र्याला घेऊन एक प्रचारपटही काढला. काटकसर शिकवायला युद्ध लागावं आणि ती काटकसरही बाँबच्या कामी यावी, याला काय म्हणावं!

मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकघराला ही शिकवण द्यायला कुठलं सरकार यावं लागलं नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात त्या चुलींची नोंद केली आहे. तेल, तूप, दूध जवळजवळ नसलेलं ते स्वयंपाकघर. वाट्याला आलेल्या मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून त्यांच्या चान्या करायच्या आणि पुढच्या दिवसांसाठी ठेवायच्या. तेल विकत घेणं परवडत नाही तिथे मांसातली चरबी हाच स्वयंपाकाचा स्निग्धांश. तिला नाकं मुरडली ती बहुधा ज्यांच्या घरी तेलाची ददात नव्हती त्यांनी. आपल्या पाककृतींच्या पुस्तकांत तिचा उल्लेख फारसा आढळत नाही तोही याच कारणाने, असं मला वाटतं.

चरबी वापरायची म्हटली तर रीत अगदी सोपी आहे. रश्श्यावरचा गार थर चमच्याने उचलून घ्यावा, लहान कढईत अगदी मंद आचेवर ठेवावा आणि त्यातलं पाणी आटू द्यावं. तडतड थांबली की पाणी संपलं. मग फडक्यातून गाळून काचेच्या किंवा स्टीलच्या कोरड्या डब्यात भरावी. पाण्याचा अंश किंवा मसाल्याचा गाळ राहिला तर ती लवकर बिघडते, त्यामुळे इथे घाई उपयोगाची नाही. खाटकाकडून आलेले कच्च्या चरबीचे तुकडे असतील तर ते बारीक चिरून कढईत वाटीभर पाणी घालून वितळवावेत. पाण्यामुळे ते सुरुवातीला करपत नाहीत आणि शेवटी तळाशी खमंग तांबूस कण उरतात. ते गरम भाकरीबरोबर मिठासकट खाऊन टाकावेत; ते डब्यापर्यंत पोचत नाहीत, हा अनुभव आहे.

रश्श्यावरून काढलेल्या चरबीला मिरचीचा लाल रंग आणि मसाल्याचा वास आधीच लागलेला असतो, कारण हे दोन्ही पाण्यापेक्षा स्निग्धांशात जास्त विरघळतात. त्यामुळे ती पुढच्या मटणाच्या किंवा अंड्याच्या रश्श्याला उत्तम. कांदा-खोबऱ्याचं वाटण एकदा तिच्यात परतलं की मग तेलावर परतून समाधान होत नाही. बटाट्याच्या काचऱ्याही झकास होतात. गोडाधोडाच्या मात्र जवळ नेऊ नये. आखाड जोरात झाला असेल तर डबा फ्रीजरमध्ये टाकावा. श्रावण आणि पुढचा गणपती पार पडेपर्यंत तो तिथे सुखाने राहतो. घरात शाकाहारी माणूस असेल तर डब्यावर ठळक अक्षरांत लिहायला विसरू नये. गोठलेली चरबी आणि गोठलेलं तूप घाईत ओळखू येत नाही आणि त्यातून होणारं भांडण कुठल्याही काटकसरीने भरून निघत नाही.

डॉक्टर तिच्या नावाने कपाळाला आठ्या घालतात, आणि त्यांचं चूक नाही. हृदयाला नकोशी संपृक्त चरबी तिच्यात भरपूर असते. म्हणून ती तेलाच्या जागी चमचाभर घ्यायची, तेल घालून वर आणखी नव्हे. ज्यांना पथ्य आहे त्यांनी घेऊच नये.

आणि वापरायची नसेल तरी निदान एवढं करा. थर गार असतानाच काढून कागदात गुंडाळा, भांडं जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्या, दोन्ही कचऱ्यात टाका आणि मगच भांडं घासायला घ्या. मोरीत एक चमचाही सोडू नका.