यादीत नाव नसते तेव्हा



दहावीचा निकाल लागला की घरोघरी पेढे वाटले जातात. काही आठवड्यांनी अकरावीच्या प्रवेशाची यादी लागते आणि त्यांतल्याच काही घरांत अबोला सुरू होतो. मुलगी जेवायला बसत नाही, आई शेजारणीला टाळते, बाबा कुणाची ओळख काढता येईल का याचा विचार करू लागतात. विचारले तर एकच वाक्य ऐकू येते : “फादर, कॉलेजने तिला नाकारलं.” आज या ‘नाकारलं’ शब्दाचाच थोडा विचार करू या.

नाकारणे म्हणजे कुणीतरी मला पाहिले, पारखले आणि ‘नको’ म्हटले. प्रवेशयादीत असे काहीच घडत नाही. समजा, एका तुकडीत १२० जागा आहेत. अर्ज करणाऱ्यांना गुणांप्रमाणे ओळीत उभे केले जाते आणि १२०व्या मुलाचे गुण म्हणजे कट-ऑफ. पुढच्या वर्षी अर्ज करणारे बदलले की कट-ऑफही बदलतो. यंदा बाहेर राहिलेली मुलगी तेवढ्याच गुणांवर गेल्या वर्षी कदाचित आत असती. एका वर्षात तिची बुद्धी बदललेली नाही, रांग बदलली आहे. यादी फक्त रांगेतला क्रमांक सांगते.

शिवाय जागांचाच तुटवडा आहे असेही नाही. २०२५ साली राज्यात दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश प्रथमच संपूर्ण महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. उत्तीर्ण मुलांपेक्षा जागाच अधिक होत्या आणि शेवटी लाखो जागा रिकाम्या राहिल्या. गर्दी होते ती मोजक्या नावांपुढे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना इमॅन्युएल कान्ट या जर्मन विचारवंताशी आमची गाठ पडते. १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात त्याने एक साधा भेद केला आहे. ज्या वस्तूच्या जागी तेवढ्याच मोलाची दुसरी वस्तू ठेवता येते, तिला किंमत असते. ज्याच्या जागी दुसरे काहीच ठेवता येत नाही, त्याला प्रतिष्ठा असते. आता टक्क्यांकडे पाहा. ८२ टक्क्यांच्या जागी दुसऱ्या कुणाचेही ८२ टक्के चालतात, कॉलेजला फरक पडत नाही. पण तुमच्या घरातल्या मुलीच्या जागी ८२ टक्क्यांची दुसरी मुलगी चालेल का? आपली चूक इथेच होते. किंमत सांगणारा आकडा आपण प्रतिष्ठेच्या रकान्यात लिहितो.

यावर एखादा बाप विचारील, “मग अभ्यास तरी कशाला करायचा?” प्रश्न रास्त आहे. गुणांना अर्थ असतो. गणितात सतत चाळीसच्या आसपास राहणाऱ्या मुलाला ते गुण काहीतरी खरे सांगत असतात आणि ते ऐकून घ्यावे. मेहनत आपल्या हातात आहे, रांगेत पुढे किती जण उभे आहेत हे नाही. जे हातात आहे त्याचा जाब मुलाला जरूर विचारावा. जे हातात नाही त्याची शिक्षा त्याला देऊ नये.

आणि मुलाचे दुःख झटकूनही टाकू नये. “ते कॉलेज तसं बरं नव्हतंच” असे म्हणणे म्हणजे कोल्ह्याला द्राक्षे आंबट. कॉलेज चांगले होते, तिला ते हवे होते, मिळाले नाही. दोन दिवस रडू द्या.

आपल्याच वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांना असा नकार ठाऊक होता. आई इथली, वडील पोर्तुगीज सैनिक. येशूसंघीय फादरांबरोबर ते कोवळ्या वयात जपानला गेले आणि तिथे अनेक वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात घ्यावे अशी विनंती त्यांनी वारंवार केली, पण प्रवेश मिळाला नाही. ते व्यापारात पडले. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर म्हणून दाखल झाले. १५९३ साली फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर ते जपानला परतले ते दुभाषी म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर खिळलेल्या २६ जणांत ते होते आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. नकार मिळाला म्हणून ते संत झाले, असे मी म्हणणार नाही; तो नकार त्यांनाही बोचलाच असेल. पण ज्या वर्षांच्या शेवटी दार बंद झाले, त्याच वर्षांत शिकलेली जपानी भाषा पुढे उपयोगी पडली. शिकलेले वाया गेले नाही.

आता पैशाचे बोलू. हव्या त्या नावासाठी कर्ज काढून मॅनेजमेंट कोट्याची जागा घेण्याआधी थांबा. मंजूर शुल्काबाहेर देणगी मागणे १९८७च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे. अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयाचे शुल्क विनाअनुदानितपेक्षा बरेच कमी असते आणि बारावीची परीक्षा दोन्हीकडे त्याच मंडळाची. दहावीनंतर तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम करून अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. हाताला कौशल्य आहे त्याच्यासाठी आयटीआय आहे. नोकरी करत शिकायचे असेल, तर बारावीनंतर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांना राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे, अल्पसंख्याकांसाठी वेगळी योजनाही आहे. मात्र शाहू महाराज योजनेसाठी प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला असावा लागतो. नावाच्या मोहाने कोट्यातली जागा घेणारा ही सवलतही गमावतो. महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज वेळेत भरा, उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात संध्याकाळपर्यंत बाजारात उभे राहिलेले मजूर आठवतात ना? ते आळशी नव्हते. त्यांना कुणी कामावर बोलावलेच नव्हते. मालकाने त्यांना “तुम्ही कितव्या क्रमांकावर होता?” असे विचारले नाही, काम दिले.

आपल्या धर्मग्रामात डिप्लोमा, आयटीआय किंवा साध्या कॉलेजातून शिकून संसार उभे केलेले कितीतरी जण आहेत. त्यांनी पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर अर्धा तास सभागृहात थांबावे, मुलांशी बोलावे, फॉर्म भरायला मदत करावी. आणि मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात एखादा दहावीचा मुलगा भेटला, तर “कुठे मिळालं?” असे विचारू नका. “काय शिकणार आहेस?” असे विचारा. या प्रश्नाचे उत्तर त्याला मान वर करून देता येईल.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू