नातवाची सुई
गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात आठवड्याभराचं बाळ अंगावर प्यायचं थांबलं. रडणं क्षीण, हातपाय लुळे, पोट गार. नदीला पूर, दवाखाना पलीकडे. आरोग्यदूत बाईने ओळखलं, जंतुदोष रक्तात पसरतोय. तिने बाळाचं वजन केलं, वजनावरून मात्रा काढली आणि मांडीत जेंटामायसिन टोचलं; सोबत तोंडाने को-ट्रायमोक्साझोल. रोज येऊन पुरा कोर्स केला. बाळ पुन्हा दूध ओढू लागलं.

डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५ पासून ३९ गावांत अशाच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. हजार जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यू तीन वर्षांत सुमारे २५ वर आले. त्यात या सुईचाही वाटा आहे.

पुढे हिवाळ्यात त्या बाळाच्या आजाला सर्दी-ताप आला. तो आरोग्यदूत बाईला म्हणाला, “नातवाले तारलं तेच सुई मले दे.”

“आजा, सर्दीवर ते चालत नाही. अन् तुमची साखर जुनी, किडनी थकली हाय. दवाई लघवीवाटे बाहेर पडते. नाही पडली तर अंगातच साचते.”

आजा रुसला. बाजाराच्या दिवशी एका सुईवाल्याने काही न विचारता तेच इंजेक्शन दिलं आणि रोज यायला सांगितलं. ताप उतरला, तो तसाही उतरणार होता. आजाला मात्र गुण सुईचाच वाटला, त्याने फेऱ्या चालू ठेवल्या. मग कानात शिट्टी वाजू लागली, चालताना तोल जाऊ लागला. जिल्ह्याला नेलं तेव्हा किडनीचा बिघाड दाखवणारं क्रिएटिनिन चढलेलं होतं. किडनी हळूहळू सावरली. आतल्या कानातल्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. ऐकू येणं गेलं ते गेलंच.

आजाला मी दोष देणार नाही. ज्या औषधाने नातू वाचला त्यावर त्याचा जीव जडणारच. राग येतो तो रक्त-लघवी न तपासता, वय न विचारता टोचणाऱ्याचा.

हल्ली कोणी बाजारच्या सुईकडे निघालं की आजा ओट्यावरून हाक मारतो. “कोणतं दुखणं? दवाईचं नाव काय? किडनी पाहिली का?” उत्तर ऐकू येत नाही, म्हणून वहीचं पान पुढे करून लिहायला लावतो. पान कोरं राहिलं, तर माणसाला आरोग्यदूत बाईच्या घराकडे वळवतो.