सारखी पायरी

घराच्या सर्व अवयवांत जिन्याची उपेक्षा सर्वांत अधिक होते. दाराला तोरण मिळते, उंबऱ्याला हळदकुंकू मिळते, अंगणाला रांगोळी मिळते, देवघराला तर रोजचा दिवा असतोच. जिन्याला काय मिळते? दिवाळीच्या आधी एकदा केरसुणीचा हात आणि वर्षभर पायांची धूळ. कोणी त्यावरून घसरून पडला म्हणजे मात्र सारे घर जमते आणि त्यालाच दूषणे देते. परंतु थोडा विचार केला तर असे दिसेल की, घरात आपण सर्वांत जास्त विश्वास जिन्यावरच टाकतो. खुर्चीवर बसताना माणूस एकदा मागे वळून पाहतो. ओळखीचा जिना उतरताना तो खाली पाहतही नाही.

आपल्या भाषेने मात्र पायरीची दखल फार बारकाईने घेतली आहे. आपण दुसऱ्याला ‘पायरी ओळखून राहा’ म्हणून बजावतो. मर्यादा सोडणारा ‘पायरी सोडून’ बोलतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असा वडीलधाऱ्यांचा सल्ला असतो. म्हणजे पायरी ही चढण्याची सोय आहे, तशीच कोणी कुठवर चढावे हे सांगणारी ती खूणही आहे. यंदा आमच्या घरचा जिना नवा करण्याचे ठरले, तेव्हा या दोन्ही अर्थांशी माझी गाठ पडली.

आमचे घर आमगावचे. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू आणि धानाचे बियाणे ठेवण्यासाठी वर एक माडी. माडीवर जाणारा जिना बिजाच्या लाकडाचा, तेरा पायऱ्यांचा, आणि इतका उभा की त्याला जिना म्हणावे की निसणी, असा पाहुण्यांना प्रश्न पडे. कठडा नाही. वरच्या तुळईला बांधलेली एक जाड दोरी खालपर्यंत लोंबते. तिला धरून चढायचे, तिलाच धरून उतरायचे. आईने आता ऐंशी ओलांडली आहे, आणि घराच्या दुसऱ्या टोकाला दोन वर्षांचे एक नातवंड दुडुदुडु धावू लागले आहे. तेव्हा पायऱ्या सागवानी कराव्या आणि दोन्ही बाजूंना कठडा बसवावा, असे ठरले.

सागवानाची थोरवी आमच्या भागात कोणाला सांगावी लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीचा साग दूरवर प्रसिद्ध आहे. २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी सागवानाचे लाकूड आमच्या विदर्भातूनच, बल्लारपूरहून, वाजतगाजत रवाना झाले. सागाच्या अंगात एक प्रकारचे तेल असते, म्हणून उधई सहसा त्याच्या वाटेला जात नाही. परंतु त्याचा बुंधा चांगला जाड व्हायला साठ-ऐंशी वर्षे लागतात. ज्याने तो लावला किंवा राखला, त्याच्या नशिबी त्याच्या पायरीवर पाय ठेवणे बहुधा नसते. दुसऱ्याच्या धीरावर वाढलेले असे लाकूड घरात आणायचे, तर ते नुसते मिरवण्यासाठी आणू नये, असे मला वाटते.

लाकूड आले आणि वाद सुरू झाला. पुतण्यांचे म्हणणे असे, की जुन्या पायऱ्या काढायच्या कशाला? त्यांच्यावरच दीड इंच जाडीच्या सागवानी फळ्या ठोकाव्या. चार दिवसांत काम, निम्मा खर्च, आणि पाहणाऱ्याला जिना नवा! आमच्या सुतारमिस्त्रीने मान हलवली. तो म्हणाला, “गुरुजी, अशानं सगळ्यांत खालची पायरी दीड इंच उंच होते, अन् सगळ्यांत वरची दीड इंच बुटकी. मधल्या साऱ्या जशाच्या तशा. डोकं मोजत नाही, गुरुजी, पाय मोजते.”

मी कागदावर मांडून पाहिले. जुन्या जिन्याची प्रत्येक पायरी नऊ इंच उंच. प्रत्येकीवर दीड इंच चढवले की शेजारच्या दोन पायऱ्यांतले अंतर नऊच राहते. पण खालची जमीन वर येत नाही आणि माडीचा तळही वर सरकत नाही. म्हणून पहिली चढण साडेदहा इंचांची होते आणि शेवटची साडेसात इंचांची. दिसायला सारा जिना एकसारखा. फरक काय तो दोन टोकांना.

आणि धोका फरकातच असतो. आमच्याच रेल्वेमार्गावर डोंगरगड आहे. तिथल्या बमलेश्वरीच्या डोंगराला हजारांहून अधिक पायऱ्या आहेत, आणि म्हाताऱ्या बायकाही त्या चढून जातात. उंचीने माणूस दमतो. पडतो तो बहुधा पायरी अनपेक्षित निघाली म्हणून. पाय पहिल्या दोन-तीन पायऱ्या मोजतो आणि पुढे विचारणे सोडून देतो. मागची जशी होती तशीच पुढची असणार, असे तो गृहीत धरतो. फ्रान्समध्ये फ्रांस्वा ब्लाँदेल नावाच्या वास्तुशास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच याचा हिशेब मांडला. पायरीची उंची दुप्पट करावी, तिच्यात रुंदी मिळवावी आणि बेरीज माणसाच्या एका पावलाइतकी, म्हणजे त्या देशाच्या मापाने चोवीस इंच, यावी. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही घरातल्या पायरीची उंची फार तर १९० मिलिमीटर आणि रुंदी निदान २५० मिलिमीटर सांगितली आहे. यांची तशीच बेरीज केली तर ती ब्लाँदेलच्या हिशेबाच्या अगदी जवळ जाते. राज्ये बदलली, मापे बदलली. माणसाचे पाऊल तेवढेच राहिले.

मिस्त्रीचे म्हणणे पटले. परंतु ते जिन्यापुरते राहीना. वरून चढवलेल्या सुधारणेचा भार नेहमी कोणावर पडतो? जो अजून जमिनीवर उभा आहे, त्याला पहिले पाऊल अधिक उंच उचलावे लागते; आणि जो वर पोचतच आला आहे, त्याची शेवटची चढण सोपी होते. मधल्यांना काहीच जाणवत नाही, म्हणून सुधारणा झाली असे ते मोकळ्या मनाने सांगतात.

पंढरपूरच्या महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. संतांच्या चरणांची धूळ आपल्याला लागावी म्हणून नामदेवांनी तिथे विसावा घेतला, असे परंपरा सांगते. ज्याला गाभाऱ्याजवळ जाता येत होते, त्याने सर्वांत खालची पायरी मागून घेतली. आणि त्याच पायरीसमोर, देवळाबाहेर, चोखोबांची समाधी आहे. मध्ये शतके गेली; देवळाच्या वैभवात भर पडत राहिली, दिंड्या वाढल्या, अभंग घरोघर गेले. पण चोखोबांच्या माणसांसाठी ती पहिली पायरी उंचच राहिली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा कुठे ते दार सर्वांना उघडले. गुरुजींनी देवळावर नवा कळस चढवला नाही. त्यांनी खालची पायरी पाहिली.

कोणी म्हणेल, मग निर्णय सोपा आहे. जुना जिना उखडावा आणि नवा बसवावा. तो तितका सोपा नव्हता, कारण आई होती. साठ वर्षे ती या जिन्यावरून चढली-उतरली आहे. डोक्यावर धानाचे टोपले घेऊन, रात्री-अपरात्री, दिवा नसताना. सातवी पायरी मधोमध झिजून खोलगट झाली आहे, तिथे तिचा पाय आपोआप कडेला पडतो. “मले एकेक पायरी पाठ आहे,” ती म्हणाली, “आता नवी कोन शिकवते मले?” नियमाप्रमाणे बांधलेला जिना सर्वांसाठी सुरक्षित होणार होता आणि नेमका तिच्यासाठी परका. तिच्या पायांनी साठ वर्षांत मिळवलेले ज्ञान आम्ही एका दिवसात निरुपयोगी करणार होतो. तिचेच भले करण्यासाठी!

मी यावर पुष्कळ विचार केला. सवयीलाही काही हक्क असतो, हे मला मान्य आहे. ज्याने घर वापरून वापरून घर केले, त्याला विचारल्यावाचून घर बदलणे म्हणजे एक प्रकारची बेदखलीच. पण सवयीचा हक्क आहे तो वेळ मागण्याचा, सोबत मागण्याचा. दुसऱ्याचा धोका कायम ठेवण्याचा हक्क तिला मिळत नाही. कारण त्या नातवंडाला सातवी पायरी पाठ नाही, आणि पाठ होईपर्यंत ते किती वेळा पडेल हे कोण सांगणार?

शेवटी जिना समूळ काढला. तेराच्या सतरा पायऱ्या झाल्या, मध्ये एक वळण आले आणि खालच्या खोलीची बरीच जागा गेली. प्रत्येक पायरी सात इंच उंच आणि दहा इंच रुंद. दोरी मात्र काढली नाही. महिनाभर आई चढे तेव्हा घरातले कोणी तरी तिच्या मागे असे. काही न बोलता, तिच्याच गतीने.

कठड्याला मात्र ती हात लावीना. विचारले तेव्हा म्हणाली, “तो धरला की वाटते, मी म्हातारी झाली.” तिच्या या बोलण्याने मला आधाराविषयी बरेच शिकवले. आधार दुर्बळासाठी म्हणून वेगळा ठेवला की तो घेणाऱ्याला उणेपणा वाटतो. म्हणून मी घरातल्या धडधाकट मुलांनाही कठडा धरून चढायला सांगितले. ती हसली, पण धरू लागली. धाकटी तर त्यावरून घसरगुंडी करू लागली. पंधरा दिवसांत कठडा सर्वांचा झाला, आणि मग एके दिवशी आईचा हातही त्यावर दिसला. दुसऱ्या हातात दोरी होतीच.

यंदा पायऱ्या सपाट आहेत, त्यामुळे पणत्या कलत नाहीत आणि तेल सांडत नाही. आपणही दिवाळीसाठी घर झाडाल, रंगवाल, नव्या वस्तू आणाल. तेव्हा एकदा जमिनीवर उभे राहून आपल्या घराची पहिली पायरी पाहावी. लाकडाची पाहावी आणि दुसरीही पाहावी. नवी सून, कामाला येणारी बाई, परगावाहून शिकायला आलेला नातलगाचा मुलगा, यांना आपल्या घरात पहिले पाऊल किती उंच उचलावे लागते? वरून ते दिसत नाही. त्यासाठी खालीच उभे राहावे लागते.