दैवाचा वाटा

मेजर लीग ही अमेरिकेतील बेसबॉलची सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा दुसऱ्या महायुद्धातही बंद पडली नाही. मात्र टेड विल्यम्स, जो डिमॅजिओ यांच्यासारखे खेळाडू सैन्यात गेल्यामुळे एरवी उंबऱ्याबाहेरच राहिले असते अशा अनेकांना तीत प्रवेश मिळाला आणि त्यांच्या कामगिरीवर ‘युद्धकालीन’ असा उणेपणा सुचवणारा शिक्का बसला. बर्ट शेपर्ड हा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, या शिक्क्यामागचा तर्कच अडचणीत आणतो. मे १९४४ मध्ये त्याचे लढाऊ विमान जर्मनीत पाडले गेले, उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, आणि कैद्यांच्या अदलाबदलीत परतल्यावर तो वॉशिंग्टन सेनेटर्स संघात आला. ४ ऑगस्ट १९४५ रोजी बॉस्टन रेड सॉक्सने एकाच इनिंगमध्ये बारा धावा कुटल्या, तेव्हा हरल्यात जमा असलेल्या त्या सामन्यात कृत्रिम पायावर उभ्या असलेल्या शेपर्डच्या हाती चेंडू देण्यात आला; उरलेल्या पाचहून अधिक इनिंगमध्ये त्याने एकच धाव दिली. मेजर लीगमधील त्याची कारकीर्द एवढीच.

संधी युद्धाने दिली म्हणून तिचे मोल वजा करायचे, तर पायही युद्धानेच नेला होता. आणि युद्ध समूळ वगळले, तर खालच्या लीगमधला जो धडधाकट तरुण उरतो, तो पुढे काय झाला असता हे ठरवण्यास काहीच आधार नाही. माणसाच्या वाट्याला कोणते प्रसंग येतात यावरच त्याचे मूल्यमापन अवलंबून राहते, या पेचाला थॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने नशिबाचाच एक प्रकार मानले. स्टोइक, म्हणजे सद्गुणालाच एकमेव श्रेय मानणारे ग्रीक-रोमन विचारवंत, धनुर्धराचा दाखला देत : नेमासाठी शक्य ते सारे करणे हेच त्याचे साध्य, बाण लागणे नव्हे. उत्तर उदात्त खरे, पण ते धनुष्य हाती आहे असे गृहीत धरते. गीतेच्या अठराव्या अध्यायातील गणना येथे अधिक प्रामाणिक वाटते. तीत कर्माच्या पाच कारणांत अधिष्ठान म्हणजे देहादी आधार, कर्ता, साधने आणि विविध चेष्टा यांच्याबरोबर दैवही मोजले आहे, म्हणजे ते कर्माबाहेरची भेसळ ठरत नाही. त्या हंगामात सेनेटर्स आपल्या लीगच्या विजेतेपदासाठी डेट्रॉइटशी झुंजत होते आणि शेपर्डला अधिकृत सामन्यात पुन्हा उतरवले गेले नाही. त्याने टाकलेल्या चेंडूंमध्ये याचे कारण सापडत नाही.