पोकळीचे कर्तृत्व

ज्याला ना पडदा, ना तार, ना चामडे, अशा एका भोकातून खर्जाचा भरदार स्वर बाहेर पडतो, तेव्हा तो स्वर नेमका कोणाचा म्हणावयाचा, हा प्रश्न वरवर पाहता सुताराचा किंवा रेडिओ दुरुस्त करणाराचा वाटला, तरी त्याचा मूळ दावा फार जुना असून आपल्या दर्शनकारांनी तो शतकानुशतके चालविलेला आहे. कर्म कोणाचे, कर्ता कोण, आणि जो काहीच करताना दिसत नाही त्याच्याकडे कर्तृत्वाचा किती हिस्सा जातो, असे त्या दाव्याचे तीन मुद्दे आहेत. त्यांची कैफियत मांडावयास घरी बांधलेल्या स्पीकरच्या पेटीइतका सोयीचा साक्षीदार मला दुसरा दिसत नाही.

सिन्नरसारख्या गावी अशी पेटी बांधणे अवघड नाही. १८ मिलिमीटर जाडीचा प्लाय, फेविकॉल, खिळ्यांऐवजी स्क्रू, फटी बुजविण्यास एम-सील, आणि नळाच्या सामानाच्या दुकानातून आणलेला चार इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा एवढ्यावर काम भागते. पेटीच्या दर्शनी फळीवर वूफर बसतो आणि त्याच्या खाली पाइपाचे तोंड उघडे ठेवलेले असते. हौशी मंडळी त्याला ‘पोर्ट’ म्हणतात, सुतार मात्र सरळ ‘भोक’ म्हणतो आणि एवढी मेहनतीने हवाबंद केलेली पेटी शेवटी भोक पाडून का ठेवावयाची, असे विचारतो. त्याची शंका अगदी रास्त आहे. तिचे उत्तर असे की, वूफरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खालच्या स्वरांत या दोन लाटा एकमेकींस गाठतात आणि एकमेकींना खोडून टाकतात. म्हणून मागच्या लाटेला पेटीत कोंडावे लागते. कोंडले की भांडण मिटते, परंतु पडद्याने केलेल्या श्रमाचा अर्धा वाटा फुकट जातो. या कैद्याला सोडावयाचे, पण आपल्या बाजूचा करून सोडावयाचे, अशी तजवीज अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरास याने काढली. १९३० साली त्याने अर्ज केला आणि १९३२ साली त्याला पेटंट मिळाले.

त्या तजविजीमागचे तत्त्व जर्मन पंडित हेल्महोल्ट्झ याने १८६३ च्या आपल्या स्वरशास्त्रावरील ग्रंथात आधीच मांडून ठेवले होते. बाटलीच्या तोंडावरून फुंकर घातली असता जो स्वर निघतो तो बाटलीच्या काचेचा नसून आतल्या हवेचा असतो: पोटातली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि मानेतली हवा वजनासारखी पुढे-मागे हलते. पेटी हे पोट आणि पाइप ही मान. पोट मोठे केले किंवा मान लांबविली की स्वर उतरतो, मान रुंद केली की चढतो. पन्नास लिटरची पेटी, आतून दहा सेंटिमीटर व्यासाचा आणि पंधरा सेंटिमीटर लांबीचा पाइप, असे माप धरले, आणि पाइपाच्या दोन्ही तोंडांशी असलेली थोडी हवाही त्याच्याबरोबर हलते हे हिशेबात घेतले, तर ही जोडी सेकंदाला सुमारे ४६ कंपनांवर बोलते. या हिशेबाने पाइपात हलणाऱ्या हवेचे वजन जेमतेम दोन ग्रॅम भरते. सबंध खोलीची तावदाने हलविणारा खर्ज या दोन ग्रॅमांच्या मुखाने बोलतो, हे गणिताने पटले तरी मनाला पटावयास वेळ लागतो. हे माप आधीच बसवून काढण्याची रीत १९६१ साली ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील याने घालून दिली, आणि पुढे रिचर्ड स्मॉल याने ती पुरी केली; तोवर पाइप कापावयाचा, ऐकावयाचे आणि पुन्हा कापावयाचा, हीच बहुतेकांची वहिवाट होती.

खरा चमत्कार मात्र डोळ्यांनी पाहावयाचा आहे. पेटी पाठीवर निजवावी, वर आलेल्या पडद्यावर खडूची चिमूटभर भुकटी टाकावी, आवाज बेताचा ठेवावा आणि शुद्ध स्वर हळूहळू खाली आणीत जावे. ऐंशी कंपनांवर भुकटीचे कण नाचत असतात, साठावर नाचतात, पन्नासाकडे येताना त्यांचा उत्साह ओसरू लागतो, आणि पेटीच्या स्वतःच्या स्वरावर ते जवळजवळ निपचित बसतात. पडदा थांबल्यासारखा दिसतो. परंतु त्याच वेळी पाइपाच्या तोंडाशी तळहात धरला तर वारा लागतो, निरांजन धरले तर ज्योत फडफडते, आणि कानाला खर्ज पूर्ण भरलेला असतो. आणखी खाली, तिसाच्या सुमारास गेले की चित्र उलटते: पडदा वेड्यासारखा मागेपुढे उडू लागतो, भुकटी बाहेर फेकली जाते, आणि आवाज मात्र नाहीसा होतो, कारण आता पाइपातली लाट पुन्हा पडद्याच्या लाटेच्या विरुद्ध गेलेली असते. जेथे हालचाल सर्वांत कमी तेथे फळ सर्वांत मोठे, आणि जेथे धडपड सर्वांत मोठी तेथे फळ शून्याच्या जवळ. गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहणाऱ्याला बुद्धिमान म्हटले आहे. त्या वचनावर शेकडो पाने भाष्य झाले असले तरी इतके स्वस्त प्रात्यक्षिक कोणा भाष्यकाराच्या हाती आले नव्हते.

आता दर्शनांकडे वळू. नैयायिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण. म्हणून आकाश हे त्याचे समवायी कारण, भेरी आणि आकाश यांचा संयोग असमवायी कारण, आणि दांडका भेरीवर पडणे हे निमित्त कारण. शिवाय दांडक्याने भेरीवर उपजतो तो एक शब्द, वेळू फोडताना उपजतो तो दुसरा, आणि शब्दातूनच शब्द उपजतो तो तिसरा, असे तीन प्रकार ते मानतात. या मोजणीने पाहिले तर पाइपाचा स्वर निःसंशय तिसऱ्या प्रकारात बसतो, आणि पडद्याच्या वाट्याला केवळ निमित्तपण येते. वाटणी मोठी सुबक आहे, पण मला तिच्यात एक हरकत दिसते. नैयायिकांचे आकाश सर्वव्यापी आणि निष्क्रिय आहे. ते हलत नाही. पाइपात जे हलते त्याचे वजन करता येते, त्याला तापमान आहे, आणि तोंडाशी कापडाचा बोळा कोंबला तर ते अडते. म्हणजे आकाशाच्या नावावर चढविलेली ही जमीन वस्तुतः वायूची आहे. वायूच्या संयोग-विभागांनी ध्वनी प्रकट होतो असे म्हणणारे मीमांसक येथे सत्याच्या अधिक जवळ होते, जरी वर्णांच्या नित्यत्वाविषयीचा त्यांचा आग्रह मला कधीच पटलेला नाही. पेटीतला स्वर नित्य असून पाइप त्याला केवळ प्रकट करतो असे म्हणणाऱ्याने पाइप बदलल्यावर स्वर का बदलतो, हे सांगितले पाहिजे.

यापेक्षा मोठी हरकत मला आपल्या भक्तिमार्गी प्रवचनांतल्या एका आवडत्या दृष्टांतावर घ्यावयाची आहे. बासरी आतून पोकळ आहे म्हणून ती श्रीहरीच्या ओठी लागली, तसे तुम्हीही पोकळ व्हा, अहंकार काढून टाका, म्हणजे तुमच्यातून त्याचा स्वर निघेल, असे सांगितले जाते. ऐकावयास हे गोड आहे, आणि त्यात काही सत्यही आहे. परंतु पोकळपणा हा स्वतः गुण नव्हे. सिन्नरच्या कोणत्याही गटारात चार इंची पाइप पोकळच असतो. त्यातून खर्ज निघत नाही. पेटीतल्या पाइपाला बोलविते ती त्याची पोकळी नव्हे, तर त्या पोकळीला लावलेले माप, तिच्या मागे असलेले नेमके आकारमान, आणि त्याही मागे असलेला तो पडदा, ज्याला प्रवचनकार अहंकार म्हणून हाकलू पाहतात. पडद्याची तार काढून टाका. पाइप मुका होतो. आणि पडदा स्थिर दिसतो तेव्हा तो स्वस्थ असतो अशी समजूत करून घेऊ नये. पेटीतला दाब त्या वेळी कमालीचा असतो, पडद्याच्या चुंबकाचे बळ त्या दाबाशी समतोल झुंजत असते, आणि म्हणूनच तो हलत नाही. तेव्हा ‘निमित्तमात्र हो’ असे अर्जुनाला सांगितले गेले त्याचा अर्थ पोकळ हो असा घेण्यापेक्षा, पूर्ण बळ लावून ते स्वतःच्या अंगावर मिरवू नको, असा घेणे मला अधिक युक्त वाटते. अर्जुनाला गांडीव टाकून बसू दिलेले नव्हते.

पखवाजवाल्यांना पाइपाच्या स्वरामागचा हा माप आणि वजन यांचा संबंध पुस्तकाशिवाय ठाऊक असतो. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीस निघते ती सिन्नर तालुक्यातून जाते, तेव्हा मुक्कामी पखवाजवाला कीर्तनाला बसण्याआधी धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, ओली कणीक थापताना पाहावा. कणीक जरा जास्त झाली की स्वर उतरतो आणि मंद होतो, कमी झाली की चढतो आणि कोरडा लागतो; म्हणून वादक थोडी खरवडतो, थाप देतो, पुन्हा लावतो. पाइप लांबविणे आणि कणीक वाढविणे यांचे शास्त्र एकच, हलणाऱ्या वस्तूचे वजन वाढविण्याचे. याच्या उलट, मंडपात रात्री गदगदणारे जे उंच-उंच डबे असतात त्यांतले पुष्कळ असे जुळविलेले असतात की गाणे कोणतेही लागो, खालून एकच स्वर उसळत राहतो. त्यांना जोर असतो, पण ऐकण्याची तयारी नसते. आलेला प्रत्येक स्वर ते आपल्याच स्वरात रूपांतरित करून परत करतात. देवाला हे आवडते अशी ज्यांची समजूत आहे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्याची दखल कायद्याने घेतली असून रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा हुकूम २००० सालच्या नियमांत आहे.

उरला तो वेदान्त्यांचा दावा. गौडपादांनी मांडूक्यकारिकांच्या तिसऱ्या प्रकरणात घटाकाशाचा दृष्टांत दिला आहे: घट फुटला की घटातले आकाश महाआकाशात मिळते असे आपण म्हणतो, पण आकाशाला मुळात काही झालेलेच नसते, तसाच जीव. या दृष्टांताचे तर्कशास्त्र निर्दोष आहे, कारण ते आकाशाविषयी बोलते, हवेविषयी नाही. तथापि सिन्नरच्या गोंदेश्वर देवळाच्या गाभाऱ्यात, जेथे चारी बाजूंस दगड आणि एकच दार आहे, तेथे कोणी खालच्या सुरातून सावकाश आकार चढवीत नेला, तर एका ठिकाणी सबंध गाभारा त्याच्याबरोबर गाऊ लागतो आणि दोन श्रुती पुढे गेले की पुन्हा गप्प होतो. तो स्वर गाणाऱ्याने निवडलेला नसतो; भिंतींच्या अंतराने निवडलेला असतो. यादवांच्या शिल्प्यांनी पंचायतनाच्या मधल्या देवळाला ते अंतर दिले, आणि इतिहासकार ज्याला त्यांची आरंभीची राजधानी सेउणपूर मानतात त्या गावात तो स्वर आजही ऐकू येतो. वेदान्ती म्हणेल की हे सारे उपाधीचे खेळ, व्यवहाराच्या पातळीवरचे. परमार्थतः दगडही नाही आणि स्वरही नाही. मी त्यावर एवढेच म्हणेन की पूजा, कीर्तन, वारी, गुरूने शिष्याला सांगणे आणि शिष्याने ते ऐकणे हे सगळेच त्या पातळीवर घडते, आणि त्या पातळीवर उपाधी ही केवळ अडचण नसून कर्तृत्वाची भागीदार आहे. पंधरा सेंटिमीटरचा पाइप पाच सेंटिमीटरने कापून पाहावा. पन्नास लिटरची तीच पेटी, तोच पडदा, तीच हवा, आणि स्वर मात्र ४६ वरून सुमारे ५२ कंपनांवर चढलेला असतो.